टँकमध्ये शिंपला ठेवायचा, गोगलगाय आणायची, की दुसरा काही उपाय पुरे?

कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटातल्या माशांच्या दुकानांत अधूनमधून एका ट्रेमध्ये पिवळट-तपकिरी, नखाएवढे ते लिंबाएवढे शिंपले दिसतात. भाव विचारला की सोबत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पाणी साफ ठेवतो, खायला काही लागत नाही." यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. शिंपला पाणी साफ करतो ते खाण्यासाठी. पाण्यात खाण्याजोगं काही उरलं नाही की तो उपाशी राहतो. उपाशी असल्याचं तो सहजासहजी दाखवत नाही आणि काही महिन्यांनी वाळूत मेलेला सापडतो. घ्यावा की घेऊ नये हा निर्णय याच एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून आधी ती नीट समजून घेऊ.

शिंपला खातो कसा

वाळूत गाडून घेतलेल्या शिंपल्याकडे टॉर्च तिरपी धरून जवळून पाहा. वाळूच्या पृष्ठभागावर दोन बारीक भोकं दिसतील, सदऱ्याच्या काजांसारखी शेजारी-शेजारी. एकाच्या कडेला बारीक झालर असते, दुसऱ्याची कड गुळगुळीत. झालरवाल्या भोकातून पाणी आत जातं, गुळगुळीत भोकातून बाहेर येतं. बाहेर येणाऱ्या भोकासमोरचे वाळूचे हलके कण मधूनच उडताना दिसतात. आत गेलेलं पाणी कल्ल्यांवरून सरकतं, त्यातले काही मायक्रॉनचे कण, म्हणजे मुख्यतः तरंगतं शेवाळ आणि जिवाणू, चिकट श्लेष्मात अडकतात आणि तोंडाकडे जातात. नको असलेले कण श्लेष्माच्या गोळ्या करून तो बाहेर टाकतो.

पाणी स्वच्छ दिसायला लागलं तरी त्यातली घाण टँकच्या बाहेर गेलेली नसते. ती गोळ्या होऊन वाळूवर पडते, शिवाय शिंपला स्वतः अमोनिया सोडतो तो वेगळाच. नायट्रेट तो कमी करत नाही, माशांची विष्ठा आणि उरलेले पेलेट खात नाही, काचेवरच्या हिरव्या थराला तर तो पोहोचतही नाही.

आता थोडा हिशेब. दोन फुटी टँक, म्हणजे दोन बाय एक बाय एक फूट, काठोकाठ भरला तर सुमारे 56 लिटरचा असतो. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की त्यात साधारण 45 लिटर पाणी राहतं. छोटा शिंपला चांगल्या स्थितीत तासाला काही शे मिलिलिटर पाणी गाळतो. अर्धा लिटर धरलं, तर तीन शिंपले दिवसाला 36 लिटर गाळतील. त्याच टँकमधला तासाला 300 लिटरचा साधा इंटरनल फिल्टर तेच पाणी तासाला सहा-सात वेळा फिरवतो. त्यात बारीक वूल, म्हणजे गाळायचा कापूस, घातलेलं असेल, तर शिंपल्याच्या वाट्याचं बरंचसं खाणं वाटेतच अडकतं. फिल्टर जितका जोरकस आणि वूल जितकं बारीक, तितकं शिंपल्याचं जगणं कठीण.

आधी ठरवा: तुमची अडचण कुठली आहे

पाणी हिरवं होतंय, ही तक्रार असेल तर शिंपला आणू नका. दिवा दिवसाला सहा-सात तासांवर आणा, खिडकीचं थेट ऊन अडवा, खाणं कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर 5 ते 9 वॉटचा यूव्ही, म्हणजे शेवाळ मारणारा अतिनील दिवा, लावा. दोन फुटी ते तीन फुटी टँकमध्ये तो काही दिवसांतच पाणी निवळून टाकतो. शिंपल्याला त्याच कामाला लावलं, तर पाणी निवळल्यावर पुढे त्याला काय घालणार, हा प्रश्न उरतोच.

पाणी दुधाळ पांढरं होत असेल तर तो बहुधा नव्या टँकमधला जिवाणूंचा फुलोरा असतो. अशा टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट चढलेले असण्याची शक्यता फार. गोड्या पाण्यातले मोठे शिंपले अमोनियाला सगळ्यात नाजूक अशा जलचरांत मोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2013 मध्ये गोड्या पाण्यातल्या अमोनियाच्या मर्यादा बदलल्या, तेव्हा या शिंपल्यांवरच्या चाचण्या हिशेबात घेतल्या होत्या. दुधाळ पाण्यात शिंपला टाकणं म्हणजे त्याला मारायला टाकणं.

काचेवर आणि दगडांवर शेवाळ चढत असेल तर नेराइट गोगलगाय आणा. या कामात तिच्या जवळपासही कोणी येत नाही. पट्ट्यापट्ट्यांची, जेमतेम दोन सेंटिमीटरची ही गोगलगाय काच घासून काढते आणि रोपांना हात लावत नाही. गोड्या पाण्यात तिची पिल्लंही होत नाहीत, कारण अळ्यांना खारट पाणी लागतं. तोटा एकच: लाकडावर आणि काचेवर तिळाएवढी पांढरी अंडी चिकटवते आणि ती खरवडूनही पटकन निघत नाहीत. झाकण मात्र हवं, कारण ती पाण्याबाहेर चढून सोफ्याखाली वाळलेली सापडते. आणि तीही उपाशी मरू शकते. नव्याकोऱ्या, चकचकीत टँकमध्ये तिला काही मिळत नाही. दोन-तीन महिने जुन्या टँकमध्येच सोडा.

वाळू दबून काळी पडत असेल, उकरल्यावर सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर मलेशियन ट्रम्पेट ही निमुळती छोटी गोगलगाय शिंपल्यापेक्षा फार कामाची. दिवसा वाळूत हिंडते, रात्री वर येते. खाणं जास्त पडलं की शेकड्यांनी वाढते. पण ती वाढ म्हणजे तुम्ही जास्त खाणं टाकताय याची खूणच असते. खाणं आवरलं की तीही आवरते.

आणि शिंपलाच पाहायचा असेल, त्याचं वाळूत शिरणं, पांढऱ्या जिभेसारखा पाय बाहेर काढून इंचाइंचाने सरकणं, ती दोन भोकं उघडणं-मिटणं, तर मग शिंपला घ्या. त्याला खाऊ घालायची तयारी ठेवून घ्या. शिंपला घेण्याचं हे एकच कारण आम्हाला पटतं, आणि पुढचं सगळं या वाचकासाठी.

छोटा की मोठा

दुकानात "क्लॅम" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातकुळीचे प्राणी मिळतात.

छोटा तो कॉर्बिक्युला. दोन ते तीन सेंटिमीटरचा, जाड कवचाचा, पिवळसर ते सोनेरी-तपकिरी. कवचावर एकात एक अशा उठावदार कडा असतात, बोट फिरवलं की खरखरीत लागतात. तो पाणी गाळून खातोच, शिवाय पायाने वाळूतले सेंद्रिय कणही आत ओढून खातो. त्यामुळे जुन्या, जराशा गाळ असलेल्या टँकमध्ये तो मोठ्यापेक्षा अधिक तग धरतो. याला पिल्लं होण्यासाठी माशांची मदत लागत नाही. तो आपल्याच कल्ल्यांत पिल्लं वाढवून तयार छोटे शिंपले पाण्यात सोडतो. म्हणूनच तो जगभर पसरला. उत्तर अमेरिकेत 1938 मध्ये कोलंबिया नदीत जिवंत सापडला आणि पुढे वीजकेंद्रांचे पाइप तुंबवण्याइतका वाढला. भारतात याच कुळातले देशी शिंपले आहेत, पण ट्रेमधला शिंपला देशी की बाहेरचा हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. त्यामुळे तो पवई तलावात, मिठी नदीत किंवा गावच्या विहिरीत सोडायचा नाही, एकही नाही. नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या.

मोठा तो बहुतेकदा लॅमेलिडेन्स, आपल्याकडच्या तळ्यांत-नद्यांत असतो तोच, आठ-दहा सेंटिमीटरचा, लांबट, काळसर, आतून मोत्यासारखा चमकणारा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र ज्या शिंपल्यांवर विकसित केलं, त्यांतला हा प्रमुख. मोत्यांच्या शेतीत तो तळ्यात, हिरव्या पाण्यात वाढवतात, आणि त्याच्या भुकेचा अंदाज घ्यायला तेवढं पुरेसं आहे. याच्या अळ्या माशांच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटून काही आठवडे राहतात, मग गळून पडतात. तळ्यातल्या माशांना त्याचं काही वाटत नाही. दोन फुटी टँकमधल्या दहा गप्प्यांना मात्र एकदम हजारो अळ्या चिकटल्या तर त्यांच्या श्वासावर ताण येतो.

मोठा शिंपला घरातल्या टँकसाठी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार फुटी, अडीचशे लिटरच्या, दहा सेंटिमीटर वाळू असलेल्या आणि रोज हिरवं पाणी मिळणाऱ्या टँकमध्ये एखादा जगेल. त्याखालच्या टँकमध्ये त्याला किती खायला मिळालं हा प्रश्न तर आहेच, पण तो मेल्यावर काय होतं हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

तोही हिशेब करून पाहा. शिंपल्यात फक्त 10 ग्रॅम मांस धरलं, तर त्यात साधारण 1 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सुमारे 160 मिलिग्रॅम नायट्रोजन. 45 लिटर पाण्यात ते सगळं अमोनिया होऊन मिसळलं, तर लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅम. पाणी 30 अंशांवर आणि पीएच 8 असेल, तर त्यातला सात-साडेसात टक्के भाग थेट विषारी रूपात असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात, आणि घरातला माणूस पंप तपासत बसतो. फिल्टरमधले जिवाणू यातला काही भाग उरकतात, पण मुंबईच्या उकाड्यात मांस एका दिवसात सडतं, तेवढ्यात ते सगळं उरकत नाही. छोट्या कॉर्बिक्युलात मांस एक-दोन ग्रॅमच असतं, त्यामुळे एखादा मेला तरी टँक सावरतो.

म्हणून छोटा घ्या. दोन फुटीला दोन, फार तर तीन. तीन फुटीला पाच-सहा. "दहा घेतले तर स्वस्त" असं म्हटलं तरी नाही.

मासळी बाजारातल्या तिसऱ्या, शिवल्या किंवा कालवं आणून टँकमध्ये सोडायचा विचार कोणाच्या मनात आलाच, तर तो सोडून द्या. त्या समुद्राच्या आणि खाडीच्या. गोड्या पाण्यात मिटून बसतात आणि मरतात. संजय गांधी उद्यानातल्या विहार किंवा तुळशी तलावातून काही उचलणं बेकायदा आहे, हेही ध्यानात असू द्या.

एक तिसरा पर्यायही पाहण्यासारखा आहे: बांबू श्रिम्प. हा सहा-आठ सेंटिमीटरचा झिंगा पुढच्या पायांचे पंखे उघडून प्रवाहातले कण पकडतो. पाहायला शिंपल्याहून कितीतरी देखणा. त्यालाही तेच बारीक खाणं लागतं, तांबं असलेल्या औषधांचा त्यालाही शिंपल्याइतकाच धोका, आणि पाणी 30 अंशांवर गेलं की तो अस्वस्थ होतो. पण एक मोठा फरक आहे. भूक लागली की तो पंखे मिटून तळाशी येतो आणि वाळू चाचपडत फिरतो. ते दिसलं की खाणं वाढवायचं. शिंपला अशी चटकन दिसणारी कुठलीच खूण देत नाही. पहिल्यांदाच गाळून खाणारा प्राणी ठेवणार असाल, घर थंड असेल आणि फिल्टरचा झोत चांगला असेल, तर बांबू श्रिम्पपासून सुरुवात करणं अधिक बरं.

मुंबईचं पाणी आणि मुंबईचा उकाडा

पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा धरणांतून येतं आणि साधारणपणे मृदू असतं. माशांना ते मानवतं, कवचवाल्यांना कमी पडतं. शिंपला असो की गोगलगाय, जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) 6 च्या वर, केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) 4 च्या वर आणि पीएच 7 ते 8 यांत पाणी हवं. थेंबांच्या टेस्ट किटने घरी मोजा. पट्ट्यांवर फार भरवसा ठेवू नका. कमी भरलं तर लवबर्डच्या पिंजऱ्यात अडकवतात ते समुद्रफेसाचं पांढरं पातं किंवा कोंबड्यांना घालतात तो शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या झोतासमोर ठेवा. दोन फुटीला 50 ते 100 ग्रॅम पुरतात. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. घाई करून खाण्याचा सोडा टाकू नका. पीएच एकदम उडी मारतो.

आरओचं पाणी वापरू नका, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन आठवडाभर रोज आकडा लिहून ठेवा. एखाद्या दिवशी तो दुप्पट दिसला तर त्या दिवशी पाणी बदलू नका. खाडीजवळच्या बोअरला खारटपणाही असतो.

क्लोरीन घालवायला बादली 24 तास उघडी ठेवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर उत्तम, नाहीतर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर बादलीत एक रात्र बसू द्या आणि वरचं तीन-चतुर्थांशच वापरा. आठवड्याला 20 टक्के पाणी बदललं की पुरे.

ज्यांनी रोपांसाठी काळी अ‍ॅक्वासॉइल आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावलाय, त्यांनी शिंपल्याचा नाद सोडावा. ती माती केएच खाऊन टाकते, पीएच साडेसहाच्या खाली जातो, आणि कवच बिजागरीजवळच्या उंचवट्यापासून पांढरं पडून खड्डे पडायला लागतात. नेराइटचंही तसंच होतं, फक्त ती थोडी जास्त तग धरते.

मे महिन्यात हॉलमधला टँक 31-32 अंशांवर सहज जातो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. गरम पाण्यात शिंपल्याची भूक वाढते आणि श्वास कोंडतो, म्हणजे दोन्हीकडून मार. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा ठेवा. दमट हवेतही एक-दोन अंश उतरतात. बर्फाच्या पिशव्या टाकू नका, दिवसातून चार वेळा वर-खाली होणारं तापमान स्थिर उकाड्याहून वाईट.

औषधांबद्दल थोडक्यात, पण हे विसरू नका: माशांवर पांढरे ठिपके आले आणि तुम्ही तांबं असलेलं औषध टाकलं, तर शिंपले, गोगलगायी, झिंगे सगळे जातात. मासे वेगळ्या बादलीत काढून तिथे औषध द्या. टँकमध्ये पूर्वी असं औषध वापरलेलं असेल तर वाळू बदलल्याशिवाय शिंपला आणू नका, तांबं वाळूत अडकून राहतं. मीठही माशांना घालतो तितकं नको.

वाळू आणि वाडगा

वाळू अर्धा ते दोन मिलिमीटरची, टोकदार नसलेली. पाणी शुद्धीकरणाच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू चांगली. गाळ निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. चौपाटीची वाळू नको. थर किमान पाच-सहा सेंटिमीटर. रंगीत खडी शिंपल्याला उपयोगाची नाही, त्यात तो शिरू शकत नाही आणि उघडाच पडून राहतो. अंडरग्रॅव्हल, म्हणजे वाळूखालून पाणी ओढणारा, फिल्टर असेल तर तोही नको.

मात्र सगळ्या टँकभर वाळू असली की शिंपला कुठे गेला ते कळत नाही, आणि मेलेला सापडत नाही. यावर सोपा उपाय आहे. आठ-नऊ सेंटिमीटर खोल, साधारण 15 बाय 20 सेंटिमीटरचा काचेचा किंवा खाण्याचं ठेवतात तसा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सहा सेंटिमीटर वाळू भरा आणि तो फिल्टरच्या मंद झोतात तळाशी ठेवा. शिंपले त्यातच ठेवा. उभ्या गुळगुळीत कडेवर ते चढत नाहीत. आता मोजणी करायला एक मिनिट लागतं, खाणं नेमकं त्यांच्यापाशी देता येतं, आणि संशय आला तर डबाच उचलून बाहेर काढता येतो. शिंपला ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच.

सोबत मासे कोण? गप्पी, रासबोरा, छोटे टेट्रा, कोरीडोरास ठीक. लोच, पफर, फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर अजिबात नकोत. गोल्डफिश ती बाहेर डोकावणारी भोकं टोचत राहतो, शिंपला दिवसभर मिटून बसतो आणि उपाशी राहतो.

खाऊ घालणं

हिरवं पाणी घरीच तयार करता येतं. टँक साफ करताना काढलेलं जुनं पाणी पाच लिटरच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये भरा, एअर पंपाची नळी सोडा, गॅलरीत सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल तिथे ठेवा. सात ते दहा दिवसांत रंग येतो. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा घरात एलईडीच्या दिव्याजवळ 14 तास ठेवा. कॅनच्या मागे पंजा धरा: बोटं दिसतात पण बोटांवरच्या रेषा दिसत नाहीत, एवढं दाट झालं की वापरायला तयार. पिवळट पडलं किंवा वास आला तर टाकून द्या. दर आठवड्याला एक लिटर काढून तेवढंच जुनं पाणी घाला, म्हणजे कॅन चालू राहतो.

तोंडाला मलमलचा फडका रबरबँडने घट्ट बांधा. डासांच्या अळ्या याच मुदतीत तयार होतात, आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक गॅलरीतले पिंप-कुंड्या तपासायला येतात तेव्हा उघडा कॅन पाहून ते नोटीस देणार हे धरूनच चाला.

हिरवं पाणी जमत नसेल तर स्पायरुलिनाची पूड. चिमूटभर, पाव ग्रॅमच्या आसपास, टँकच्याच 100 मिलिलिटर पाण्यात बाटलीत घालून जोरात हलवा. पाच मिनिटं ठेवा. तळाशी बसलेली भरड टाकून द्या, वरचं हिरवं पाणीच वापरा; भरड कण शिंपला नाकारतो आणि ते वाळूत सडतात. ताजं हिरवं पाणी मिळत असेल तर मात्र ते केव्हाही सरस. बेकरीच्या यीस्टच्या वाटेला जाऊ नका, पाणी झपाट्याने बिघडतं.

प्रमाण: तीन छोट्या शिंपल्यांना दिवसाआड 200-250 मिलिलिटर हिरवं पाणी, किंवा स्पायरुलिनाचं 10 मिलिलिटर. फिल्टर अर्धा तास बंद करा, एअर स्टोन चालूच ठेवा. सुई काढलेल्या सिरिंजने भोकांपासून पाच सेंटिमीटर दूर हळूहळू सोडा. अंगावर फवारा मारला तर ते मिटतात आणि अर्धा तास फुकट जातो. फिल्टर पुन्हा चालू करायला विसरू नका, मोबाइलवर गजर लावा. यूव्ही असेल तर तोही दोन-तीन तास बंद, नाहीतर तुम्ही दिलेलं शेवाळ तो मारत बसतो. टँकचं पाणी किंचित धूसर व्हावं आणि संध्याकाळपर्यंत निवळावं. दुसऱ्या दिवशीही धूसर असेल तर पुढच्या वेळी अर्धंच द्या.

पोट भरतंय की नाही हे ओळखायची एकच खात्रीची खूण आहे: कवचाच्या कडेला नवी, फिकट, ओलसर चमकणारी पट्टी. महिन्यातून एकदा शिंपला आलेख कागदावर ठेवून फोटो काढा. दोन-तीन महिने कड जुनीच, मळकी दिसत असेल आणि लांबी मिलिमीटरभरही वाढली नसेल, तर तो फक्त तग धरून आहे. खाणं वाढवा, किंवा ज्याच्याकडे जुनं, हिरवं, बाहेरचं टाकं आहे त्याला देऊन टाका.

आठवड्याची मोजणी आणि आणल्याचा दिवस

आठवड्यातून एकदा डब्यातली भोकं मोजा. एखादं आठवडाभर दिसलं नाही तर बोटाने उकरून तो शिंपला वर काढा. जिवंत असेल तर घट्ट मिटतो, दोन बोटांनी दाबूनही कवच सरकत नाही. किंचित उघडा असेल आणि स्पर्श केल्यावर मिटत नसेल तर तो गेला. वास घेऊन पाहा. एका श्वासात खात्री पटते. तो लगेच काढा, त्याच दिवशी निम्मं पाणी बदला आणि दोन दिवस अमोनिया मोजा. कवच मिटलेलंच पण नेहमीपेक्षा जड आणि आत काही हलतंय असं वाटलं, तर आत चिखल भरलेला असतो, तोही मेलेलाच. बाकीच्यांनाही तपासा, कारण एक उपाशी मेला असेल तर इतरांचं पोट तरी कुठून भरणार?

विकत घेताना पाण्यात हात घालून स्वतः निवडा. हात लागताच मिटणारा घ्या. ट्रेमध्ये एकालाही वास येत असेल तर त्या ट्रेमधला कुठलाच घेऊ नका. बिजागरीजवळ पांढरे खड्डे नकोत. दोन शिंपले एकमेकांवर हलकेच वाजवा: जिवंत, भरलेला शिंपला ठाक वाजतो, रिकामा पोकळ वाजतो. पिशवीत पाणी बुडेल एवढंच आणि हवा भरपूर मागा, आणि लोकलच्या गर्दीत पिशवी उन्हात धरू नका.

घरी आल्यावर पिशवी 20 मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग एअर ट्यूबला गाठ मारून थेंबथेंब टँकचं पाणी तासभर सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. शिंपला डब्यातल्या वाळूवर आडवा ठेवा आणि दिवा बंद करा. बोटाने वाळूत खोचू नका, कुठली बाजू वर हे त्याला कळतं, आपल्याला कळत नाही. काही तासांत कवच जरासं उघडून पांढरा पाय बाहेर येतो, वाळूत रुततो, आणि दोन-तीन हिसक्यांत तो उभा होऊन आत शिरू लागतो. बहुतेक वेळा सकाळपर्यंत वर फक्त ती दोन काजं उरतात. दोन दिवसांनंतरही तो वाळूवर आडवाच असेल, तर त्याला वेगळ्या बादलीत एअर स्टोन लावून ठेवा आणि टँकचं अमोनिया, पीएच आणि केएच त्याच संध्याकाळी मोजा.